साळ्याचा पाहुणचार

पाहुण्याला पाहुणचारानेच जेरीस आणायची विद्या माझ्या साळ्याइतकी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणाला आली नसेल. सानगडीच्या बाजाराला बैलजोडी विकायला निघालेला एक माणूस त्याच्या दारात घोटभर पाणी मागायला थांबला. साळ्याने त्याला आंघोळ घातली, झिंग्याचा रस्सा आणि भात वाढला, वर खाटेवर आडवा केला. तो उठला तेव्हा बाजारही उठला होता. माणूस कपाळाला हात लावून बसला, तर हा म्हणतो, "बाजार का पुढच्या हप्त्यात भरत नाही? उपाशी गेलेला माणूस मात्र परत येत नाही."

असा माणूस गावाने शाळेच्या समितीचा अध्यक्ष केला. मी तेव्हाच नको म्हटले होते, पण माझे ऐकायची या गावाला सवय नाही. आमच्या शाळेत महिन्यातून एका शनिवारी नागपूरची तरुण मंडळी इंग्रजी शिकवायला येत. फुकट येत, आपल्या खर्चाने. दोन तास आमच्याकडे, मग लाखांदूरकडची दुसरी शाळा. ते दोन तास साळ्याने त्यांना कधी पुरे मिळू दिले नाहीत. आधी हार, मग नारळ, मग याचे भाषण, मग लाखोळीच्या डाळीचे वडे. एक ताई बिचारी म्हणाली, "काका, आम्ही डबे आणलेत." याने तिचा डबा गाईपुढे रिकामा केला, घासून परत दिला आणि तिला पाटावर बसवले.

दिवाळीआधी ती मंडळी सांगून गेली, की पुढच्या खेपेला एकेका मुलाचे इंग्रजी ऐकू आणि दोघांना सुटीत नागपूरला शिकायला नेऊ. माझी नात पाचवीत. महिनाभर गोठ्यात म्हशीपुढे उभी राहून ती आपल्या गावाबद्दल इंग्रजीत बोलत होती. मला त्यातले गावाचे नाव तेवढे समजे. पण पोरगी कुठे अडत नाही, हे समजायला शाळा लागत नाही.

त्या दिवशी साळ्याने मांडवच घातला. पंगत बसली तशी मी त्याला बाजूला ओढले. "अरे, पोरं रांगेत उभी आहेत. पहिले त्यांचं ऐकू दे."

"भाऊजी, तुमाले काही समजत नाही. भरल्या पोटाचा माणूस पास करते, उपाशी माणूस नापास."

पंगत उठली, सहा मुलांचे ऐकून झाले आणि ताईने घड्याळ पाहिले. नात रांगेत नववी होती. ताई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सॉरी बेटा, नेक्स्ट टाइम." तेवढे इंग्रजी मलाही समजले. दोन्ही जागा लाखांदूरकडच्या शाळेला गेल्या, आणि ती मंडळी पुन्हा आमच्या गावात आली नाहीत. का येतील?

मी साळ्याशी बोलणे टाकले. बायको भावाचीच बाजू घेई. "खाऊच घातलं ना त्यानं? मारलं तं नाही कोणाले."

आता दर शनिवारी तो एकटाच शाळेत जातो, भिंतीला टेकून खाली बसतो आणि एकेका पोराला इंग्रजी बोलायला लावतो. अक्षर कळत नाही, पण मध्ये कोणाला तोडत नाही. परवा मी खिडकीतून पाहिले. नात बोलत होती आणि हा जन्माचा बडबड्या, श्वास धरून ऐकत होता. तिचे झाल्यावर म्हणाला, "आणखी एकडाव म्हण, माय."

तिने म्हटले. ऐकणारा चांगला मिळाला आहे पोरांना. पण नागपूर काही त्याच्या हातात नाही.