बदली आणि हरळी

आमच्या खात्यातले चार जण एकत्र बसले की किस्से आठवावे लागत नाहीत, आपोआप निघतात. त्यातले निम्मे गवताचे. हसू नका! ऐंशीच्या सुमारास कोपरखैरण्याच्या बाजूला एका विजेच्या सबस्टेशनात आम्ही नोकरीला होतो. यार्डात, म्हणजे उघड्यावरच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मरखाली, खडी पसरलेली असते. आम्ही तिला ‘बाग’ म्हणायचो. या बागेत गवत चालत नाही. उन्हाळ्यात वाळतं आणि ठिणगी पडली की पेटतं.

आमचे इन्चार्ज पाटणकर साहेब मूळचे साताऱ्याचे. बायको तिकडे शिक्षिका, मुलगी लहान. बदलीचा अर्ज केलेला, पण मागच्या तपासणीत मोठे साहेब यार्डातल्या गवतावरून चिडले आणि अर्ज तसाच पडून राहिला. साताऱ्याच्या वाटेत ही हरळीच आडवी आलीय, असं पाटणकरांनी तेव्हापासून मनाशी धरलं.

*

ऑपरेटर साळवी नियमाचा पक्का. यार्डात कुठलंही काम करायचं तर आधी परमिट. साहेबांनी गवत उपटायला सांगितलं, तर हा परमिट मागत बसला. साहेबांनी वैतागून लिहून दिलं. उपकरणाचं नाव: हरळी.

साळवीने दिवसभर खुरपलं. पाऊस झाला आणि पंधरवड्यात बाग पुन्हा हिरवी. साहेबांनी जाब विचारला, तर त्याने परमिटवरची छापील ओळ दाखवली, ‘काम संपल्यावर उपकरण पूर्ववत सुरू करावे.’

*

आमचे वॉचमन म्हात्रेमामा करावे गावचे. ते म्हणाले, "मीठ टाका सायेब. आमच्या मिठागरान काय बी उगवत नाय."

मिठाने लोखंड गंजेल म्हणून साहेबांनी आधी फाटकाबाहेरच्या पट्टीवर टाकून पाहिलं. गवत खरंच मेलं. पण गावातल्या शेळ्या आधी कधीमधी चरायला यायच्या, त्या आता मीठ चाटायला रोज हजर! त्यांना हाकलायचं काम अर्थात मामांकडेच आलं.

*

मग साहेबांनी औषध मागवलं. फवारणार, तेवढ्यात क्वार्टर्समधल्या बायका आल्या. हरळी म्हणजेच दूर्वा, आणि गणपती तोंडावर. विष मारलेल्या दूर्वा बाप्पाला वाहायच्या का, असा त्यांचा सवाल. विसर्जन होईपर्यंत थांबू, असं साहेब म्हणाले.

त्यावर साळवीची बायको शांतपणे म्हणाली, "संकष्टी दर म्हैन्याला असते, साहेब."

*

शेवटी साहेब स्वतःच खुरपं घेऊन बसले. रोज, ड्यूटीच्या आधी. ते बघून आम्हालाच वाईट वाटायला लागलं. मग सगळेच कामाला लागलो. साळवीने परमिटसुद्धा मागितलं नाही. तपासणीच्या दिवशी बागेत औषधाला म्हणून काडी नव्हती.

मोठे साहेब पार टोकापर्यंत चालत गेले, वाकून खडी बाजूला करून पाहिली आणि परत आले. एकदम खूश. पाटणकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असं यार्ड मी अख्ख्या सर्व्हिसमध्ये पाहिलं नाही. तुमच्यासारखा माणूस मी इथून हलवणार नाही."

पाटणकर साहेब थँक यू म्हणाले. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पाळीला आलो, तर साहेब झारी घेऊन खडीला पाणी घालत होते.