पेशींचा शेजार

डॉक्टर म्हणाले, "पेशींची तपासणी करावी लागेल," आणि बाबांनी लगेच विचारलं, "पेशी कधी आहे?"

बाबांची सारी नोकरी नागपूरच्या कोर्टात बाबूगिरी करण्यात गेली. पेशी म्हणजे तारीख, हा एकच अर्थ त्यांना ठाऊक. माझी सारी नोकरी काचेच्या बश्यांमध्ये पेशी वाढवण्यात चालली आहे, तरी इतक्या वर्षांत आम्हा बापलेकीत हा गोंधळ एकदाही झाला नव्हता. म्हणजे घरी मी माझ्या कामाबद्दल किती बोलत असेन ते बघा. डॉक्टर हसले, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या जिभेच्या कडेला पांढुरका डाग होता आणि त्याचा तुकडा नुकताच काढला होता. डाग दिसून महिना झाला, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. तो खर्र्यामुळे, त्या तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणामुळे, आला हे कोणी वेगळं सांगायला नको होतं. खिशात खर्र्याची पन्नी नाही, असे बाबा मी तरी पाहिलेले नाहीत.

रिपोर्ट मंगळवारी येणार होता. त्यात कॅन्सर निघतो की नाही, एवढाच प्रश्न घरात उरला होता आणि तो कोणी तोंडातून काढत नव्हतं. रविवारी बाबा अचानक म्हणाले, की तू तिथे दिवसभर करतेस तरी काय ते मला एकदा दाखव. मला आनंद झाला. भीतीपोटी का होईना, कोणीतरी विचारलं होतं.

धरमपेठेतल्या घरून आम्ही स्कूटरने प्रयोगशाळेत गेलो. बाबांनी दारातच चपला काढल्या. त्या परत घालायला लावता लावता माझी दमछाक झाली. मग ते सूक्ष्मदर्शकापुढे स्टुलावर बसले आणि चष्मा कपाळावर चढवून एक डोळा मिटून बघू लागले.

पहिल्या बशीत शहाण्या पेशी होत्या, एकमेकींना खेटून पसरलेल्या. मी त्या थरावर पात्याने एक ओरखडा काढला होता आणि चमकणारा रंग सोडला होता. रंग कापलेल्या पेशींत शिरतो आणि तिथून शेजारणीत, तिच्या शेजारणीत, असा सरकत जातो. कारण शेजारच्या पेशींच्या आवरणांत बारीकशी दारं असतात. त्यांतून क्षार जातात, छोटे निरोप जातात. आता थांब, दाटी झाली, वाढू नको, असं या पेशी एकमेकींना सांगत असाव्यात, अशी आमची समजूत आहे. बाबांना ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना हिरवट उजेडाचा रुंद पट्टा दिसला. त्यांनी डोळा बदलून पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या बशीतल्या पेशींत आम्ही एक बिघडलेलं जनुक चालू केलं होतं. रंग तोच, ओरखडाही तसाच. पण उजेड ओरखड्याच्या काठावर एका रेघेत अडून बसला होता. पुढे सगळा अंधार.

बाबांनी दोन्ही बश्या पुन्हा मागून घेतल्या आणि माझी उलटतपासणी सुरू केली. हे जनुक बाहेरून येतं का? नाही, मी म्हटलं, ते आपल्या सगळ्यांत असतं, वाढायला लागतंच. फक्त बिघडलं की वाढीचा हुकूम थांबवत नाही. म्हणजे आरोपी घरचाच, असं म्हणून त्यांनी मान हलवली. मग, दारं कशी बंद होतात? मी सांगितलं, की त्याच हुकमाने दारांच्या प्रथिनांवर खुणा पडतात, काही दारं मिटतात, काही जागेवरून काढूनच घेतली जातात.

"अन् दार लावते कोण?" त्यांनी विचारलं. "हे बिघडलेली, का तिचे शेजारी?"

"ही बिघडलेली," मी ठामपणे सांगितलं.

मग शेजारी काय करतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी खुलले. शेजार चांगला असेल आणि दारं उघडी असतील, तर बिघडलेली पेशीही कधी कधी दबून राहते, बशीत दारं परत बसवली तर काहींची वाढ मंदावते. नेहमी नाही, आणि का नाही, ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. मी शिकवते त्या वर्गात कोणी इतकं मन लावून ऐकत नाही. निघताना मी खुशीत होते, मंगळवार विसरून गेले होते.

मंगळवारी रामदासपेठेतल्या दवाखान्यात रिपोर्ट हातात आला. कॅन्सरच होता. लहान आहे, जिभेचा थोडा भाग काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पुन्हा विचारलं, की डाग खरंच महिन्याभराचा आहे का.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दीड वर्ष झालं," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. आम्ही खाली स्कूटरपाशी आलो. मग म्हटलं, "बाबा, दीड वर्ष? काहून नाही सांगितलं मले?"

ते चिडले नाहीत. जड जिभेने, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "आधी तू रोज टोकत होती वं. खर्रा सोडा, तोंड दाखवा. मंग तू बोलणंच सोडलं. मले वाटलं, एवढी शिकलेली पोरगी चूप बसली, तं काही धोका नसन."

त्यांचं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एका भांडणात मी त्यांना सांगितलं होतं, की आजपासून खर्र्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही. तो शब्द मी पाळला होता, आणि पाळला याचा मला अभिमान वाटत होता.