तरीच म्हणजे काय, साहेब?

कचोरीची बशी माझ्यापर्यंत आली होती. यजमानांच्या विहीणबाईंनी स्वतः उचलून पुढं केली होती. "घ्या हो, गरम आहे." मी हात पुढं केला आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कुठल्या कुलकर्णी तुम्ही? देवासच्या का?"

हा प्रश्न येणारच होता. इंदुरात दोन मराठी माणसं भेटली की चहाच्या आधी हा प्रश्न येतो.

मी म्हटलं, "नाही हो. कुलकर्णी नाही मी. ते ऑफिसनं दिलेलं नाव." आणि माझं खरं आडनाव सांगितलं.

बशी हवेतच थांबली. मग हळूच टीपॉयवर गेली, माझ्या हातापासून लांब. माझा हात मात्र तसाच पुढं. त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

यजमान, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते सोफ्यावर मागं रेलले. एकच शब्द बोलले.

"तरीच."

आता मी अन्नपूर्णा भागातल्या त्या दिवाणखान्यात कशी पोचले, ते ऐका. मोठी मजेची गोष्ट आहे. हसा हवं तर, मीही वर्षानुवर्षं हसलेच.

मुंबईहून मोठमोठ्या बोटी सुटतात. क्रूझ. गोव्याला जातात, लक्षद्वीपला जातात. आत हॉटेल, आत थिएटर, आत पोहायचा तलाव. समुद्रावर जाऊन तलावात पोहायचं, श्रीमंतांचं सगळं न्यारंच. या बोटी उशिरा सुटल्या की लोक चिडतात. चिडून फोन लावतात. तो फोन वाजायचा इथं इंदुरात, स्नेहलतागंजात, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझ्या कानात. समुद्र मी पाहिलेला नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून खाली जी नदी दिसते, तेवढंच माझं जलदर्शन. पण "मॅडम, आपली बोट धक्क्यालाच आहे, काळजी नसावी," हे मी असं म्हणायचे की जणू तिचा दोर माझ्याच हातात आहे.

मला घेतलं आवाजावर. आवाज कमावला तो आमच्या हौशी नाटक मंडळींत. तिथं मला दोनच कामं मिळायची. एक मोलकरणीचं. "तुला मेकअप लागत नाही," असं दिग्दर्शक कौतुकानं म्हणायचे. दुसरं प्रॉम्प्टिंगचं. विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य अर्धं सोडून थांबला की पुढचं हळूच सांगायचं. नायिकेचा सगळा पार्ट मला पाठ. म्हणायची मात्र ती.

ऑफिसात पहिल्या दिवशी आमच्या टीम लीडरनं, भूपेशनं, नाव विचारलं. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. गोड बोलायचा. आडनाव ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताईजी, मराठी कस्टमर को थोड़ा वो वाला नाम चाहिए."

वो वाला म्हणजे कुठला, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. घरात पगार माझाच होता. मी जोशी झाले.

आता धंद्याची रीत सांगते. 'उशीर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणायचं, 'सुधारित वेळ'. कारण विचारलं तर 'तांत्रिक'. त्यावर कारण विचारलं तर 'सुरक्षेसाठी'. म्हणजे पुढं विचारणाराच आगाऊ ठरतो. आणि माफी केबिनप्रमाणे. बाल्कनीवाल्याला शब्द मऊ, वर पुढच्या सफरीत सवलत. बिनखिडकीच्या केबिनवाल्याला मोबाइलवर छापील मेसेज. दोघं बसलेत एकाच धक्क्यावर, खोळंबलेत सारखेच. पण एकाचा खोळंबा किमती, दुसऱ्याचा फुकट.

आणि बाल्कनीवाला फारच भडकला तर? तर आमचा खास प्रयोग.

भूपेश लाइनवर यायचा. आवाज चढवायचा. "मिसेस जोशी, ऐसे बात करते हैं गेस्ट से? आजपासून तुमची नोकरी संपली. सामान उचला!" मी हुंदका द्यायचे. हुंदका माझा नामी होता, आतून यायचा. पलीकडचा माणूस थंड व्हायचा. कुणाची तरी नोकरी गेली की माणसाला बरं वाटतं, उशिराचं सार्थक होतं. फोन बंद. मग मी आणि भूपेश चहा प्यायचो, आणि सोमवारपासून मी देशपांडे. नंतर कुलकर्णी. किती वेळा मला काढलं, त्याचा हिशेब नाही. मी प्रत्येक प्रयोगाला नवा हुंदका काढायचे. पोरी टाळ्या वाजवायच्या. "ताई, आज तो कमाल कर दिया!"

मला वाटायचं, मी यांना उल्लू बनवतेय.

मग हे साहेब आले. कोचिंग क्लासवाले, शहरभर बोर्ड. मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, म्हणून व्याह्यांना क्रूझवर घेऊन गेले. बोट संध्याकाळी सुटायची, ती दुसऱ्या दिवशी सुटली. साहेब धक्क्यावरून मला पुन्हापुन्हा फोन करत होते आणि मला समोर लिहून दिलेलं होतं, तेच मी म्हणत होते, "आता लवकरच बोर्डिंग सुरू होईल." साहेब तेच व्याह्यांना सांगत होते. व्याही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. विहीणबाई चप्पल काढून बॅगेवर. साहेब मुलीच्या सासरच्यांपुढं खोटे पडले. त्यांचा राग खरा होता, हे मी आजही म्हणते. खोटं माझ्या आवाजात होतं, एवढंच. कंपनीला ठाऊक होतं, मला नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी तक्रार केली. भूपेशनं फोनवर मला काढलं. मी हुंदका दिला. पण ऑफिस इंदुरातच आहे, हे साहेबांना कुठून तरी समजलं. ते म्हणाले, "फोनवरचं नको. व्याही घरी यायचेत. त्यांच्यासमोर आणा तिला. त्यांना कळू दे, चूक कुणाची होती."

साहेबांच्या क्लासचा सगळा स्टाफ पुढच्या वर्षी बोटीवर जाणार होता. भूपेश म्हणाला, "ताईजी, बस पांच मिनट का सीन है. हाथ जोड़ना, बाकी मैं देख लूंगा."

अशी मी तिथं पोचले. बशी आली. बशी गेली. "तरीच."

भूपेश घाईनं उभा राहिला. प्रयोग सुरू. "सर, ही बाई आजपासून आमच्याकडे नाही. मॅडम, माफी मांगिए सर से. सबके सामने."

मी हात जोडायला उचलले. खरं सांगते, उचलले. सवय होती. हुंदकासुद्धा घशात तयार होता. पण माझं लक्ष त्या शब्दावर अडकलं. साहेबांनी वाक्य अर्धं सोडलं होतं. आणि अर्धं वाक्य मला सहन होत नाही.

मी हात खाली घेतले.

"तरीच म्हणजे काय, साहेब?"

"काय?"

"तुम्ही 'तरीच' म्हणालात. पुढचं म्हणा. मी प्रॉम्प्टिंग करते. तरीच ही बाई खोटं बोलली? तरीच बोट उशिरा सुटली? माझ्या आडनावानं बोट अडवली का धक्क्यावर?"

"ताईजी, सीन मत बनाओ," भूपेश कुजबुजला.

"सीन तूच लावलाय, भिया." मी व्याह्यांकडं वळले. "हे नाटक आहे. मला रोज काढतात. सोमवारी नवं नाव घेऊन मी तिथंच बसते. बोट का रखडली, ते यालाही माहीत नाही, मलाही नाही. ज्यांना माहीत आहे, ते इथं कधी येणार नाहीत."

वाटलं होतं, साहेबांना कंपनीचा राग येईल. त्यांनाही फसवलंच होतं ना. पण नाही. साहेब भूपेशला म्हणाले, "म्हणजे हिला काढलंच नव्हतं? मग आता काढा. खरंखुरं."

फसवणूक झाली याचं दुःख नव्हतं. बाई शिल्लक राहिली याचं होतं.

विहीणबाई बशीकडं बघत बसल्या. वाईट वाटत होतं त्यांना, दिसत होतं. पण बशी उचलली नाही.

"काढली, सर. रियल में," भूपेश म्हणाला.

"वाक्य पूर्ण करा, साहेब," मी पुन्हा म्हटलं. ते उठून आत गेले. दिवसभर पोरांना भाषणं देणारा माणूस. एक वाक्य संपवता आलं नाही.

फाटकाबाहेर भूपेशनं स्कूटर काढली आणि हसला. "क्या डायलॉग मारा यार ताईजी! पण जाऊ द्या. सोमवारी या. रानडे नाम खाली है."

पाहा. खरंखुरं काढणंही खोटंच होतं.

"येईन," मी म्हटलं. "माझ्या नावानं बसेन."

"अरे ताईजी, समझो ना. आपके नाम से कस्टमर..."

थांबला. तोही तिथंच थांबला.

"बोल, भूपेश. कस्टमर काय?"

तो स्कूटरच्या आरशात बघत राहिला. वाईट नव्हता तो. चहा नेहमी तोच पाजायचा. पण नावं वाटायचाही तोच. त्या दिवशी मला कळलं, मी कुणाला उल्लू बनवत नव्हते. पुढं जोशी-कुलकर्णी नावाची पाटी, शिव्या खायला पाटीमागं मी. पाटी रुबाबात राहायची. हुंदका माझा जायचा.

सोमवारी गेले. माझ्या खुर्चीवर बसले. हेडफोन लावला. पहिलाच फोन धक्क्यावरून. बिनखिडकीच्या केबिनवाली बाई, मागं लेकरू रडत होतं. "मॅडम, बोट कधी सुटणार?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. म्हटलं, "ताई, बोटीला उशीर आहे. किती, ते मला सांगितलेलं नाही. लवकर सुटेल असं मी म्हणणार नाही. लेकराला काही खायला घाला आणि तिथल्या मोठ्या अधिकाऱ्याला घेरून उभ्या राहा. सगळे मिळून."

लाइन मध्येच तुटली. वळून पाहिलं तर भूपेशच्या हातात वायर. मंगळवारी माझ्या कार्डानं दार उघडलं नाही. तर मग असो. निदान या वेळी माझ्या नावानं काढलं.

नवी नोकरी शोधतेय. अजून मिळालेली नाही. जिथं जाते तिथं आडनाव आधी सांगते, मग काम विचारते. समोरचा क्षणभर थांबतो. मी त्याच्याकडं बघते. मला ते थांबणं ओळखता येतं, आयुष्य विंगेत गेलंय माझं. आता मी विंगेत नाही. पुढचं वाक्य मी हळूच सुचवणार नाही, कुणाला सांभाळून घेणार नाही. ज्याच्या पोटात ते आहे त्यानं ते मोठ्यानं, माझ्या तोंडावर म्हणावं. म्हणेपर्यंत मी समोरून हलणार नाही.