रुमालाखालचे मुळे

खुशालराव माळी अकोल्याच्या भाजीबाजारात मुळे विकायचा. आमच्या गावानं महायुद्धाला दिलेला हा एकमेव जपानी हेर. इंग्रज सरकारनंच तसं ठरवलं होतं, त्यामुळे शंकेला जागा नाही.

त्या काळी स्टेशनाकडच्या एका बंगल्यात जपानी कापूस कंपनी होती. नाव व्यापाराचं, भांडवल तिकडच्या सरकारचं. कंपनी कापूस घेते की पूर्णा नदीवरच्या पुलांची मापं घेते, यावर गावातले वकील तावातावानं बोलायचे आणि संध्याकाळी त्याच कंपनीच्या चहाला नव्या टोप्या घालून जायचे. दलालांना तर कसलीच शंका नव्हती. कंपनी भाव चांगला देत होती, आणि चांगला भाव देणाऱ्याची नियत आमच्याकडे कोणी तपासत नाही.

कंपनीचा मोठा साहेब हिराता. ठेंगणा, हसरा आणि मुळ्यांचा वेडा. पिंपात मुळे, मीठ आणि कोंडा भरून वर दगड ठेवायचा आणि ते कुजकं प्रकरण चवीनं खायचा. वऱ्हाडातली एक गोष्ट त्यानं मनापासून उचलली होती, ती म्हणजे रुमालाखालचा भाव. कापसाच्या आणि बैलांच्या बाजारात घेणारा नि विकणारा हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे बाजूच्याला भाव कळत नाही. हिराताला याची इतकी गंमत वाटली की तो मुळेसुद्धा तसेच घ्यायचा. खुशालरावाच्या ओट्यासमोर भर बाजारात उकिडवा बसायचा, रुमाल टाकायचा, आणि दोघं लाखाचा सौदा असल्यासारखे गंभीर होऊन बोटं दाबायचे. मग खुशालराव टोपली बंगल्यावर पोचवायचा.

एवढं फौजदार वामनरावाला पुरलं. त्यानं खुशालरावाला चौकीत बोलावलं.

"बंगल्यात काय चालू आहे ते मले सांगत जाय. नाही तं तुहा ओटा गेला समज."

ओटा बापानं ठेवलेला. बायको शकुन आणि लेकरं त्याच्यावरच जगत होती. खुशालराव दर बाजाराला चौकीत जाऊ लागला.

"साहेब मुळे खारवून राहिला जी."

"अन् आणखी?"

"आणखी मुळे."

वामनरावानं वर कळवलं की बंगल्यातल्या पिंपांत उग्र वासाचं, संशयास्पद द्रव्य आहे. वासापुरतं ते खरंच होतं. त्याला बढती मिळाली. खबर कुठून आली, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. शाबासकीत वाटेकरी कशाला?

पुढे जपान युद्धात उतरलं. हिराता त्याआधीच मायदेशी गेला होता. स्टेशनावर दलालांनी त्याला इतके हार घातले की बिचाऱ्याला आगगाडी दिसेना. कंपनीनं इथे खरंच काही काळंबेरं केलं का, हे आजही कोणाला माहीत नाही. पण नागपूरहून एक इंग्रज साहेब आला आणि जपान्याशी कोणाचे संबंध होते, असं त्यानं बाजारात विचारलं. ज्या दलालांनी वर्षानुवर्षं कंपनीला कापसाच्या गाठी विकल्या होत्या, त्या सगळ्यांनी एकमतानं मुळेवाल्याकडे बोट दाखवलं. वामनरावाला विचारलं, तर त्याला कोणी खुशालराव आठवेचना.

मला या जागी अजून संताप येतो. खुशालराव मात्र निश्चिंत होता. खरं सांगितलं की सुटू, असं त्याला वाटत होतं.

दुभाष्यामार्फत साहेबानं विचारलं, "रुमालाखाली काय चालायचं?"

"भाव, साहेब. मुळ्यायचा."

"मग तोंडानं का सांगत नव्हता?"

खुशालरावाला त्या प्रश्नाचं हसू आलं. एवढा मोठा साहेब, आणि एवढंही कळत नाही!

"तोंडानं काहून सांगू? मंग दुसऱ्याइले समजते ना!"

दुभाष्यानं एकही शब्द न बदलता भाषांतर केलं. इतकं प्रामाणिक काम त्यानं जन्मात केलं नसेल. साहेबानं समाधानानं टोपी उचलली. हेरानं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली होती.

युद्ध संपेपर्यंत खुशालराव तुरुंगात होता. ओटा शकुननं धरून ठेवला. दलाल तिच्याकडून भाजी घ्यायचे आणि घासाघीसही करायचे. त्यातल्या एकाला मधल्या काळात युद्धफंडाला मदत केल्याबद्दल रावसाहेब ही पदवी मिळाली.

खुशालराव सुटून परत ओट्यावर बसला, त्या दिवशी हेच रावसाहेब आले. म्हातारपणी त्यांनाही मुळे आवडू लागले होते. पण आता पदवी मिळाल्यावर चार लोकांदेखत घासाघीस कशी करायची, म्हणून त्यांनी सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढून पुढे धरला. खुशालरावानं दोन्ही हात झटक्यानं पाठीमागे नेले आणि तो ओट्यावर उभा राहिला. मग सगळ्या बाजाराला, पार चौकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं मुळ्यांचा भाव सांगितला. एकदा सांगून त्याचं भागलं नाही. रावसाहेब केव्हाच निघून गेले होते, तरी तो भाव सांगतच होता, आणि शकुन त्याचा सदरा ओढून म्हणत होती, "बसा ना आता. आयकलं सगळ्याइनं."