शेवटच्या अंतऱ्यातली जागा

आमच्या गायन पार्टीत मी ढोलक वाजवतो. गाणी लिहून देणारा माणूस पुलगावच्या बाजारात भाजी विकतो. तराजूच्या पारड्यावर ठेका धरून तो चाल ऐकवतो, अन् आमच्या गायकापेक्षा कितीतरी चांगलं गातो. शेवटच्या अंतऱ्यात लिहिणाऱ्याचं नाव घालायचा आमच्याकडे रिवाज आहे. हा मात्र तिथं चार मात्रा कोऱ्या सोडतो.

"गानाऱ्यानं आपलं नाव टाकावं. माह्यं काऊन पायजे?"

आमचा गायक तिथं स्वतःचं नाव ओढूनताणून बसवतो.

यंदा जयंतीला गाण्याच्या सामन्यात आम्ही जे गाणं म्हणणार होतो, तेच आमच्या आधी हिंगणघाटच्या पार्टीनं म्हटलं. लिहिणाऱ्यानं चुकून दोघांनाही दिलं होतं. आम्ही सुरू करताच लोक "चोर, चोर" ओरडत उठले. स्टेजवर खुर्ची येऊन पडली. दोन्ही गायकांनी एकमेकांची कॉलर धरली.

"कोनाचं हाय हे गानं?" लोकांतून कोणीतरी ओरडलं.

तो भाजीवाला गर्दीतून स्टेजवर आला, माईक घेतला अन् मला म्हणाला, "वाजव गा."

शेवटचा अंतरा गाताना तो नावाच्या जागी गप्प राहिला. उठलेले लोक खाली बसले होते. त्या चार मात्रा मी एकट्यानं वाजवल्या, मनात त्याचं नाव घेत.

नेमकं बसलं.