तार दिसणारं जहाज

आप्पांचा एक डोळा तिरळा होता आणि स्वभाव जगाला कमी लेखण्याचा होता. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्यामुळे त्यांच्या दुकानात मोठी पंचाईत होई. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी असली आणि आप्पांनी खालचा ओठ पुढे काढून पाहिलं, की अपमान नेमका कोणाचा झाला ते कळत नसे. दोघंही आपापल्या परीने ओशाळत. नेहमीची माणसं शहाणी झाली होती. काउंटरसमोर आलं की ती आधी अर्धं पाऊल डावीकडे सरकत, आपण आप्पांच्या नजरेत सापडलो अशी खात्री करून घेत आणि मगच बोलायला लागत. नंदुरबारात स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत आप्पांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, तेव्हापासून लोकांना ही सवय लागली होती. पुढे तिथे सीडी आल्या, सीडी गेल्या, मोबाइलची कव्हरं आली, पण ते सरकणं तसंच राहिलं.

आप्पा शिव्या देत नसत. त्यांना त्याची गरजच पडत नसे. 'बरं शे', म्हणजे बरं आहे, एवढे दोन शब्द ते असे म्हणत की ऐकणाऱ्याने घरी जाऊन आडवं व्हावं. नवा नगरसेवक कसा आहे? बरं शे. जावयाने घेतलेली गाडी? बरं शे. मी नोकरीला लागलो तेव्हा पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदावर ठेवला आणि माझ्याकडे, किंवा माझ्या शेजारच्या पंख्याकडे पाहून म्हणाले, "बरं शे." अख्ख्या घरात माझं कौतुक चाललं होतं, पण मला त्या दिवशी फक्त तो अर्धा पेढा दिसत होता. तरीही संध्याकाळी मी परत त्यांच्याच दुकानात जाऊन बसलो.

या माणसाने आयुष्यात एकाच वस्तूला 'बरं शे' म्हटलं नाही. ती म्हणजे एक जुनं इंग्रजी पिक्चर. अंतराळातलं. आम्ही त्याला नुसतं 'जहाजवालं' म्हणत असू. त्यातलं जहाज आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबासारखं होतं आणि ते काळ्या आभाळातून किंचित झोके खात जाई. त्यात एक रबराचा सरडा होता, त्याच्या पाठीवरची चेन नीट पाहिली तर दिसे. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण ते कॅसेट लावून शेजारी उभे राहत आणि अहिराणीत गोष्ट सांगत जात. त्यातली निम्मी तरी त्यांनी स्वतः रचलेली असावी. धडगावला एकदा जीपमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर घालून ते पिक्चर दाखवायला गेले होते, तिथल्या लोकांना तर कॅप्टन हा नंदुरबारजवळच्या कोरीट गावचाच कोणी पाटील वाटला होता. आप्पांनी तो गैरसमज दूर केला नाही.

आणि जहाजाला तार होती. पडदा जरा उजळला की जहाजाच्या वर एक बारीक रेघ दिसे. आम्ही कॉलेजातली पोरं त्यावर हसायचो. आप्पा कॅसेट तिथेच थांबवत आणि तारेवर बोट ठेवत. "ती तार दिखस ना, म्हनीसन समजस, वर कोनी तरी मानूस धरी उभा शे," ते म्हणत. मग परत चालू करत. त्या एका क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता औषधालाही नसे. मला तो चेहरा फार आवडे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ही भक्ती कॅसेटपुरती राहिली नाही. गल्लीतल्या गणपतीपुढे आप्पांनी एकदा त्या जहाजाची आरास केली. पत्र्याचं जहाज, चंदेरी रंग, आत लाल बल्ब. कोरीटचे भगवान तात्या, आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, मांडवाच्या बांबूंवर काळ्या कापडामागे बसून तार ओढत आणि जहाज गणपतीला प्रदक्षिणा घाली. एका संध्याकाळी तार अडकली. काळ्या कापडातून तात्यांचा काळा केसाळ हात बाहेर आला, त्याने जहाजाला एक टपली मारली आणि आत गेला. लोकांनी जहाजाला कधी वाजवल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या हाताला वाजवल्या. त्यानंतर आप्पांनी तात्यांना रोज एकदा हात बाहेर काढायला सांगितलं.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी बातमी आली की जहाजवालं पिक्चर नवं करून पुन्हा थिएटरात लागणार. मूळ डायरेक्टर अजून जिवंत होता. म्हातारपणी माणसं नातवंडं खेळवतात, याने कॉम्प्युटर घेऊन स्वतःचं पिक्चर धुवायला काढलं. सरडा नवा, स्फोट नवे, आणि तार पुसलेली. वर त्याने जाहीर केलं की हेच आता खरं पिक्चर, जुनी प्रत यापुढे मिळणार नाही. आप्पांच्या कॅसेटला तोवर बुरशी धरली होती, लावली की नुसता पाऊस दिसे. "जायीसन दखूत," आप्पा म्हणाले. आम्ही सकाळच्या गाडीने सुरतेला गेलो.

सुरतेच्या त्या मॉलमध्ये मला प्रथमच कळलं की जगात आप्पांसारखे आणखीही आहेत आणि ते आप्पांसारखे अजिबात नाहीत. चाळिशीचे, पोट सुटलेले, चांगल्या नोकरीतले बाप्ये जहाजाचं चित्र असलेले काळे टी-शर्ट घालून उभे होते. त्यांच्यात दोन तट होते. एक म्हणे, वा, आता कसं स्वच्छ दिसतं. दुसरा म्हणे, आमच्या बालपणाचा खून झाला. खून झालेल्यांपैकी एकाने सांगितलं की त्याने हे नवं पिक्चर तीनदा पाहिलं, ते किती वाईट आहे याची खात्री करायला. चौथं तिकीट त्याच्या हातात होतं. शेजारचा एक जण मोबाइल समोर धरून रडत होता आणि मध्येच थांबून आपण नीट दिसतोय ना हे पाहत होता. मी आजवर बरीच सुतकं पाहिली, पण सुतकात इतकं पॉपकॉर्न पाहिलं नव्हतं.

आत आप्पा अडीच तास हलले नाहीत. जहाज आलं. ते गुळगुळीत होतं, कुठे झोका नाही, कुठे रेघ नाही. आप्पांनी मान वर करून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत शोधलं. शेवटी कॅप्टन आपल्या जोडीदाराला त्या ग्रहावर सोडून निघतो. जुन्यात तो सरळ निघून जायचा. नव्यात तो वळून पाहतो आणि त्याच्या डोळ्यात पाणी येतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने नाक पुसलं. आप्पा हळूच म्हणाले, "ज्यानी बनाडं त्यालेच त्यानी लाज वाटी ऱ्हायनी. आपले कव्हय वाटनी?"

बाहेर आल्यावर मी त्यांचा एक फोटो काढला. मागे नव्या जहाजाचं पुठ्ठ्याचं मोठं पोस्टर, पुढे पांढऱ्या शर्टातले आप्पा, ओठ पुढे काढलेला, एक डोळा माझ्याकडे आणि एक सरकत्या जिन्याकडे. तेवढ्यात काळ्या टी-शर्टातला एक जण मोबाइल घेऊन आला. "अंकल, आप तो पुराने फॅन लगते हो. कैसा लगा?" आप्पांनी विचार केला. "एसी अच्छा था," ते म्हणाले.

तो तुकडा इंटरनेटवर गेला आणि दोन्ही तटांनी आप्पांना वाटून घेतलं. एकाने खाली लिहिलं, बघा, म्हाताऱ्याने डायरेक्टरची कशी जिरवली. दुसऱ्याने लिहिलं, असल्या अडाण्यांना सिनेमा कळत नाही. मग कोणा महाभागाने त्याला सनईचं रडकं संगीत लावलं आणि चेहऱ्यावर ते गोरं करणारं फिल्टर चढवलं. मी दुकानात जाऊन आप्पांना दाखवलं. मोबाइलमध्ये गुलाबी गालांचा एक माणूस 'एसी अच्छा था' म्हणत होता. त्याचा तिरळा डोळासुद्धा त्या यंत्राने ओढून ताणून बराचसा सरळ केला होता. आप्पांनी ते दोनदा पाहिलं. मला वाटलं हसतील.

"दोन्ही बाजूना लोके येडा शेत," ते म्हणाले. "एक म्हनस नवं भारी, दुसरा म्हनस बालपन मारी टाकं. भो, बालपन काय कॅसेटमा व्हतं? त्या डायरेक्टरनी तार काढी टाकी, आते ते जहाज कशावर टांगेल शे, हाई कोनीच नही इचारत." मग मोबाइल माझ्याकडे सरकवून, कधी नव्हे ते गंभीर होऊन म्हणाले, "एक काम कर. मी मरसू तव्हय मन्हा डोया कोनले सीधा करू देऊ नको." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं शे," आणि प्रथमच मला त्या शब्दांचा राग आला नाही.

गेल्या थंडीत आप्पा गेले. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी संपलं. त्यांचा मुलगा दीपक वापीला कंपनीत आहे, भला मुलगा. बापाचं सगळं त्याने मनापासून केलं. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक सुटण्याच्या, आदल्या दिवशी मला विसरवाडीला कामासाठी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आलो तर दहा फुटी फ्लेक्स उभा. भावपूर्ण श्रद्धांजली. मागे बर्फाचे डोंगर, उडणारे बगळे, आणि मध्ये निळा कोट, लाल टाय घातलेला एक गोरापान गृहस्थ. हसतमुख. दोन्ही डोळे समोर, एका रेषेत, शिपायासारखे. खाली नाव आप्पांचं होतं. येणारे जाणारे थांबून म्हणत होते, किती प्रसन्न दिसतात, नाही का. एकाने त्याच्यासोबत सेल्फी घेतला. मॉलमधल्या त्या काळ्या टी-शर्टांना मी उगाच हसलो होतो. आमची गल्लीही त्याच लायकीची निघाली.

समोरच्या टपरीवर भगवान तात्या बसले होते. अकराच्या आधीच कोरीटहून आले होते आणि तासभर तिथेच बसून होते. आता त्यांना फारसं चालवत नाही. "आत का नाही गेलात?" मी विचारलं. तात्यांनी काठीने फ्लेक्सकडे दाखवलं. "हाऊ कोन शे? मी समजनू, आपली गल्ली पुढे ऱ्हायनी." हे आप्पाच, मी सांगितलं. तात्या उठले, फ्लेक्सजवळ गेले, खालून वर सगळं पाहिलं. वर कोपऱ्यात फ्लेक्स खांबाला तारेने बांधलेला होता. "तार तेवढी खरी शे," ते म्हणाले.

घरात खुर्चीवर तोच कोटवाला फोटो, त्याला हार. मी दीपकला बाजूला घेतलं. तो कसनुसा झाला. "काका, बाहेरना लोके येतस. बापना डोया तसा दिखता त बरं नही वाटतं." त्याच्यावर रागवावं तर त्याचे डोळे रडून सुजलेले. मी म्हटलं, मूळ फोटो आण. तो म्हणाला, मी मूळ फोटोची प्रत ठेवली नव्हती आणि स्टुडिओवाल्याने त्याच्याकडचा उडवला, जागा अडते म्हणून. म्हणजे इथेही जुनी प्रत यापुढे मिळणार नव्हती. मी आप्पांनी सांगितलेलं त्याला सांगितलं. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमनाकडे शे का एखादा?"

माझ्या मोबाइलमध्ये सुरतेचा होता. स्टुडिओत मी त्या ऑपरेटरच्या खांद्याशी उभा राहिलो, कारण त्याचा हात आपोआप जात होता. "काका, फक्त डोया सीधा करी देस." नको. "जराखा गोरा?" नको. "मांगेनं पोस्टर तरी काढी टाकू, बाप्पाना फोटो टाकी देस." नको, राहू दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या धंद्यावर उठलोय. छापून देताना म्हणाला, "आसा फोटो कोनी लावत नही." मी त्याला मनातल्या मनात 'बरं शे' म्हटलं आणि निघालो.

फ्लेक्स गल्लीच्या तोंडाशी तसाच राहिला, आठवडाभर त्याची वाहवा होत होती. घरात मात्र दीपकने स्वतःच्या हाताने कोटवाला फोटो उचलून आत नेला आणि खुर्चीवर हा ठेवला. मागे तार नसलेलं गुळगुळीत जहाज, पुढे ओठ काढलेले आप्पा. तात्या पहिल्यांदा पुढे झाले. त्यांनी फूल वाहिलं, हात जोडले आणि काठी टेकत अर्धं पाऊल डावीकडे सरकले. मग मागची माणसं येत गेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण जो तो खुर्चीसमोर येई, जरा डावीकडे सरके, एकदा नीट पाही आणि मगच हात जोडी. शेवटी मीही सरकलो.