लोरीनबाईंची फोनवरची सुनावणी

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात लोरीन स्टिल्टनरनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निम्मं गाव तिच्या बसमधून शाळेत गेलं, म्हणून पिकल्या केसांचे बाप्येसुद्धा तिला अजून 'लोरीनबाई' म्हणतात. मी ड्रीमा, तिची शेजारीण. मी नुसतं लोरीन म्हणते.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मार्चमध्ये, ती चर्चच्या पायऱ्यांवर कोसळली. मेमध्ये घेवड्याच्या वाफ्यात. जुलैत दुकानात, लोणच्याच्या बरण्यांसकट. दवाखान्यात एक दिवस छातीला यंत्र लावून ठोके नोंदवले; काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता महिनाभर घरीच लावू." पण म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं पत्र आलं: एका दिवसाची तपासणी स्वच्छ आहे, महिनाभराची गरज दिसत नाही.

लोरीन भडकली. "माझी चक्कर काय यांच्याकडून वेळ ठरवून येते?"

"जाऊ दे गं. सरकारशी कोण भांडत बसणार?"

"मी! मला दुसरं काम काय आहे? गाडीची किल्ली तर तूच लपवलीयस."

तिनं अपील केलं. नामंजूर. पुन्हा केलं, पुन्हा नामंजूर. दुसऱ्या नकारानंतर मात्र ती भडकली नाही. संध्याकाळी हळूच म्हणाली, "ड्रीमा, मला मरायची भीती नाही गं. पण कुणी 'हिला काही झालेलं नाही' म्हणावं, हे सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. तिला पडताना ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं, त्या प्रत्येकाकडून तिनं सही करून लिहून घेतलं. चर्चचे पाळक, दुकानदार, आणि वाफ्यातली साक्षीदार मी. मग न्यायाधीशांपुढे सुनावणी लागली, फोनवर. स्वयंपाकघरात टेबलावर फोन ठेवून ती रविवारी चर्चला घालायच्या झग्यात बसली होती.

"त्यांना दिसत नाही गं!" मी कुजबुजले.

"मला दिसतं ना!"

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, एका दिवसात काही आढळलं नाही. मग महिना कशाला?"

"साहेब, आमच्या घाटात दरडी कोसळतात. रोज नाही. एक दिवस रस्ता मोकळा दिसला म्हणून मी बस बेफिकीर हाकली असती, तर आज तुमच्यापुढच्या कागदांवर माझ्या बाजूनं सह्या करणारे निम्मे लोक जिवंत नसते."

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली.

तीन आठवड्यांनी निकाल आला: महिनाभराचं यंत्र विम्यात बसतं. ती पत्र हातात धरून अंगणातूनच ओरडली, "ड्रीमाऽ, जिंकलो!" आम्ही दोघी म्हाताऱ्या गेटापाशी लहान पोरींसारख्या नाचलो. मग मीच घाबरून तिला खाली बसवलं.

यंत्र लावल्याच्या अकराव्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना यंत्राच्या नोंदी पाहणाऱ्यांचा फोन आला. "बाई, आधी बसा. आत्ता तुमचं हृदय सहा सेकंद थांबलं होतं."

"बघ!" कुंपणापलीकडून माझ्याकडे बघत ती ओरडली, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर विजय. "सांगत होते की नाही!"

त्याच आठवड्यात तिला पेसमेकर बसवला. त्यानंतर ती एकदाही पडलेली नाही. आता गुरुवारी चर्चच्या तळघरात ती टेबल मांडून बसते आणि लोक नकाराची पत्रं घेऊन येतात. परवा पडून पाय दुखावलेला एक निवृत्त खाणकामगार घाबरत म्हणाला, "लोरीनबाई, मला असलं लिहिता येत नाही."

"पडलास कुठे, ते येतं ना सांगता? मग बैस. सुरुवात तिथूनच करू."